मार्गशीर्षातलं मौन

शोभाताईंचा अंगठा घंटीवर टेकला आणि तसाच राहिला.

पुढे मोनालीनं सायकल डावीकडच्या उतारावर घातली होती. कन्हानच्या पुरानं ती वाट खाली तोडून नेली आहे, हे सायकल-गटातल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. मोनाली आज पहिल्यांदाच आलेली. वळताना तिनं मागे पाहिलं, बरोबर चालले ना, असं विचारल्यासारखं. शोभाताई हाकेच्या अंतरावरच होत्या. त्यांनी नजर नदीकडे वळवली.

मार्गशीर्षभर शोभाताई सकाळचं मौन पाळत. सूर्य माथ्यावर आला की देवाचं नाव घेऊन सोडत. मौद्याच्या रस्त्यावर गट निघाला की त्यांची सायकल सर्वांत शेवटी. कुणी चुकलं, थांबलं की घंटी वाजवायची. व्रतही राही आणि कामही अडत नसे.

पण आज पहाटे प्रताप नगरातल्या टपरीवर चहा घेताना मोनाली म्हणाली होती, "काकू, बोलत काहून नाही? टायरमधली हवा जाईन म्हून तोंड बंद करून राहिल्या का?"

सगळे खदखदून हसले. गट चालवणारा रविंद्रसुद्धा. शोभाताईही हसल्या होत्या, नुसत्या ओठांनी.

खाली लोखंड दगडावर आपटलं. पाठोपाठ किंकाळी. तेव्हा कुठे अंगठा दाबला गेला, आणि मग दाबतच राहिला. पुढे गेलेले धावत परत आले.

मोनाली दगडांत पडली होती. गुडघा फुटलेला, हँडल फिरलेलं. हातभर पलीकडे काठ सरळ पाण्यात तुटला होता.

बाभळीच्या सावलीत बसवून तिची जखम धुतली. गटातला अंकुश म्हणाला, "ताईची घंटी ऐकली म्हणून कळलं गा. एवढं झालं तरी मौन नाही मोडलं. मानलं बा!"

"पण वळतानाच काहून नाही वाजवली?" रविंद्रनं शोभाताईंकडे पाहिलं.

उत्तर मोनालीनं दिलं. "काकू लई मागे होत्या. त्याईले कसं दिसन?"

शोभाताई पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत राहिल्या, लावत राहिल्या.

ऊन माथ्यावर आलं. कुणीतरी संत्री काढली.

"सोडा ताई आता मौन," रविंद्र म्हणाला. पहिला शब्द देवाचा असतो हे माहीत असल्यानं अंकुशनं गमतीनं हात जोडले.

शोभाताईंनी ओठ उघडले. नाव येईना.

"मी मागे नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "जवळच होती. इनं वळून पाहिलं, तेही दिसलं मले."

अंकुशचे हात खाली आले. अर्धवट सोललेलं संत्रं कुणी पुढे केलं नाही.

रविंद्र हँडल गुडघ्यांत धरून सरळ करत बसला. वर न पाहता म्हणाला, "परत जाताना शेवटी मी राहतो."

मोनालीनं गुडघ्यावरच्या रुमालाची गाठ आवळली.

"नाही गा दादा. मागे काकूच राहतीन," ती म्हणाली. "अन् त्याईच्या पुढे मी."