बसायची जागा

अड्याळच्या स्टँडवर ज्योत्सना उतरली तेव्हा कमलेश मोटरसायकलला टेकून उभाच होता. बहिणीच्या हातातली पिशवी घेऊन त्याने ती हँडलला अडकवली आणि गाडी सुरू करायच्या आतच बोलायला लागला.

"ताई, बाबाचा गोटा पायशील तं म्हनशील, हाच काय तो! तारेच्या ब्रशनं घासला. सोडा टाकून धुतला. उद्या बाबाच्या बरसीले पवनीचे पाहुने येऊन राहिले, त्यायच्यासमोर बुरशी लागलेला बरा दिसते काय?"

ज्योत्सना मागे बसता बसता थांबली. "कोणता गोटा?"

"अवं, त्याच्या बसाचा. पाळीवरचा."

ती बसली. गाडी धानाच्या बांध्यांमधून निघाली. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी अजून उभा होता.  वाऱ्यात कमलेशने मान मागे वळवली.

"पन मायले काय झालं कोनास ठाऊक. परवापासून माह्याशी बोलून नाही राहिली. भात वाढते, तोंडाकडं पायत नाही. मी काय चूक केली, ताई?"

"रस्त्याकडे पहा," ज्योत्सना म्हणाली.

काय चूक झाली ते तिला माहीत होते. कमलेशला माहीत असायचे काही कारण नव्हते.

त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावच्या तलावात मासे धरत आले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आंब्यांखाली मोठमोठे गोटे होते, आणि घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाचा एक ठरलेला गोटा असे. सकाळी डोंगा काठाला लावला की त्यावर बसून जाळे दुरुस्त करायचे. गोट्यांवर राखाडी-हिरवट रंगाचे गोल गोल पापुद्रे पसरलेले असत; फक्त जिथे माणूस बसे तेवढा दगड घासून उघडा राही. माणूस गेला की त्या गोट्यावर कोणी बसत नसे. मग कडेचे पापुद्रे हळूहळू आत सरकत, आणि कितीतरी वर्षांनी ती उघडी जागा बुजून जाई. जागा भरली की माणूस सुटला, असे घरातल्या बायका मानत. बायकाच. भांडी घासताना, शिंगाडे सोलताना ही गोष्ट सासूकडून सुनेकडे आली होती. पुरुषांना कोणी सांगितली नाही, कारण जिवंत माणसाला त्याची जागा कशी भरणार हे सांगतात काय?

त्यांची माय रंभाबाई या घरात सून म्हणून आली तेव्हा तिच्या आजेसासऱ्याचा गोटा मधोमध उघडा होता. तो भरला तेव्हा ज्योत्सना नागपूरला कॉलेजात शिकायला गेली होती.

तिथेच तिला त्या पापुद्र्यांचे शास्त्रातले नाव कळले. शैवाक. एक बुरशी आणि एक शेवाळ मिळून केलेला संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ रांधते. पुढे ती वनस्पतिशास्त्र शिकवू लागली आणि शैवाकांचाच अभ्यास धरला. पाळीवरच्या गोट्यांवर आणि आंब्यांच्या खोडांवर जी जात सगळ्यांत जास्त होती, तिला दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका औषधवाल्याने नाव दिले होते. तो दूरदेशी रानात हिंडला नव्हता. जहाजांतून औषधासाठी साली यायच्या, त्या सालींवर चिकटून आलेले हे ठिपके तो निरखत बसला आणि त्यांतले कितीतरी त्याने पहिल्यांदा नोंदवले. ही हकिकत तिने फोनवर बापाला सांगितली होती.

"म्हंजे दवाई राहिली बाजूले, अन्‌ हा सालीवरचा कचरा पायत बसला?" गोपीचंद म्हणाला होता. "बायको बोलत असन त्याले."

घरी पोचल्यावर रंभाबाईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा दिला आणि रडली नाही. ज्योत्सनाही रडली नाही. वर्षभर तिला ते जमले नव्हते. तिने दुःखावर पुष्कळ वाचले होते आणि वाचलेले सगळे खरे होते, पण त्यातले काही तिच्या उपयोगी पडले नव्हते.

संध्याकाळी ती एकटीच पाळीवर जाऊन आली. कमलेशने काम चोख केले होते. लालसर, खडबडीत, नव्यासारखा दगड. आधी त्यावर गोपीचंदची जागा स्पष्ट कळायची: एका अंगाला जास्त झिजलेली, कारण डावा गुडघा दुखायला लागल्यापासून तो भार उजवीकडे टाकून बसे. मागच्या दिवाळीनंतर तो गेला तेव्हा तिने ती जागा नीट पाहून घेतली होती. आता दगडभर कुठेही बोट ठेवले तरी सारखेच लागत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आत नैवेद्य दाखवायचा होता. रंभाबाई, ज्योत्सना, कमलेश, त्याची बायको रिता आणि गोपीचंदचा धाकटा भाऊ भय्याजी, असे पाच जण पाळीवर गेले. रंभाबाईच्या हातात पळसाच्या पानावर भात आणि मरळीचा रस्सा होता. रीत अशी की पान बसायच्या जागेच्या पुढ्यात ठेवायचे, जागेवर नाही. ती गोट्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि उभीच राहिली.

"ठेव ना, वहिनी," भय्याजी म्हणाला. "भात थंडा होऊन राहिला."

"कुठं ठेवू?"

"गोट्यावर."

"पुढं कोनतं, मांग कोनतं? तो कुठं बसला आहे, दाखव मले."

कमलेशचा चेहरा उतरला. ज्योत्सनाने त्याला रात्री सगळे सांगितले होते.

भय्याजीने घसा खाकरला. "असं करू. तिकडं पाटाजवळ एक गोटा आहे, मस्त भरलेला. ट्रॅक्टरनं आनून ठेवू. पाहुन्यायले काय समजते?"

"पाहुन्यायले नाही समजन. त्याले समजन ना!"

"तो कोनाले सांगाले येनार आहे?"

"भय्याजी, तुयी जीभ जाळ्यात अडकली असती तं बरं झालं असतं," रंभाबाई म्हणाली. मग ती लेकीकडे वळली. "ज्योतू, तू तं याच्यातलीच मास्तरीन. हे दगडफूल परत कधी येईल सांग. माह्या डोळ्यानं दिसंल का नाही?"

सगळे ज्योत्सनाकडे पाहू लागले. कमलेशही. त्याच्या पाहण्यात इतकी विनवणी होती की 'दोन पावसाळ्यांत येईल' हे वाक्य तिच्या ओठांवर तयार झाले. माय तेवढ्यावर पान ठेवेल, कमलेशशी बोलेल, पाहुणे जेवून जातील. दोन पावसाळ्यांनंतरचे दोन पावसाळ्यांनंतर. पण तिला मायचे दर सकाळी इथे येऊन वाकून पाहणे दिसले. पाहून, काही न सांगता घरी परतणे दिसले.

"नाही, माय," ती म्हणाली. "जागा भरलेली तुला नाही दिसणार. मलाही दिसेल की नाही, सांगता येत नाही. हे वर्षाला अर्ध्या तांदळाएवढं सरकतं. कधी तेवढंही नाही."

कमलेशने मान खाली घातली. रिताने पदर तोंडाला लावला.

"अर्धा तांदूळ," रंभाबाई म्हणाली. ती जन्मभर धान हाताळत आली होती. तिला ते माप नेमके कळले. "घासला नसता तरी एवढंच?"

"एवढंच. घासला नसता तरी तुझ्या डोळ्यांदेखत भरला नसता. बाबाची जागा मोठी होती."

"बसेच तसा, फतकल घालून."

"कडेनं होतं ते गेलं. पण खोल भेगांत ब्रश जात नाही. तिथं बहुतेक राहिलं असेल. तिथून निघेल."

"यंदाच?"

"डोळ्याला दिसणार नाही."

"डोळ्याले नको दिसो. निघंल का?"

ज्योत्सनाने खाली बसून दगडाच्या भेगेत नख घातले. आत काय होते ते भिंगाशिवाय सांगता येत नव्हते. "बहुतेक," ती पुन्हा म्हणाली. "बहुतेकच म्हणते, माय. पक्कं नाही म्हणत."

रंभाबाई तलावाकडे पाहत राहिली. पलीकडच्या काठाला कोणीतरी डोंगा ढकलत होते.

"तुया बाबाची माय म्हने, जागा भरेपर्यंत मानूस घरच्यायची वाट पायते," ती सावकाश म्हणाली. "मंग पायन वाट अजून थोडी. मले पोचाले तेवढाच वेळ भेटंल."

"वहिनी, असं कायले बोलतंस सकाळी सकाळी!" भय्याजी म्हणाला.

"तू चूप राय." आणि मग, परवापासून पहिल्यांदा, तिने लेकाकडे सरळ पाहिले. पळसाचे पान त्याच्यासमोर धरले. "घे. तूच ठेव. तुनंच साफ केला."

कमलेशने दोन्ही हातांनी पान घेतले.  त्याने वाकून गोट्याच्या एका कडेला ते ठेवले.

"तिकडं कायले? तिकडं तं तो थुंके."

त्याने पान उचलून दुसऱ्या कडेला नेले.

"अरे बाप्पा, तिथं त्याची पाठ. पाठीले जेवाले देतंस काय? तलावाकडं तोंड करून बसे ना तो. लहानपनी त्याच्या खांद्यावर तूच चढत होता, अन्‌ आठवत नाही? हां. अजून जरा इकडं. डावा पाय सोडला असे त्यानं, पायाले नको लागू देऊ. बस. तिथं."

कमलेशने पान ठेवले आणि हात काढून घेतला. पानाच्या मागे रिकामा दगड होता, आणि पाचही जणांना त्यावरची जागा आता ठाऊक होती.

ज्योत्सनाला हसू आले. थुंके, म्हणे. ती हसायला लागली ती थांबेना, आणि थोड्या वेळाने ते हसणे राहिले नाही. रिता जवळ यायला निघाली तसा रंभाबाईने तिचा हात धरला.

"जाऊ दे तिले," ती म्हणाली. "पाहुने आले का बोलावू."

ज्योत्सना पाळीवरून खाली पाण्याशी गेली आणि काठाच्या चिखलात बसून मोकळेपणी रडली.