बिनदाराचं घर

साहित्य: कोरा कागद, मेणखडू. खोडरबर शक्यतो नको.

चित्रकलेच्या बाईंचा नियम साधा होता. फळ्यावर आहे ते कागदावर. फळ्यावर नाही ते कागदावर नाही. सुट्टी लागायच्या दिवशी, पहिल्या तासाला, त्या तिसरीच्या वर्गाकडून ‘सुट्टीतलं घर’ काढून घेत आणि चौतीस सारखी घरं व्हरांड्यात दोरीला टांगत. डोकं चालवायला वर्षभर गणित आहेच, असं त्यांचं म्हणणं.

यंदा कुठलं घर काढायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. हात ठरवून बसला होता.

बाईंच्या धाकट्या बहिणीने आपल्या नव्या घराचा फोटो पाठवला होता: उतरतं छप्पर, गजांच्या दोन खिडक्या, मध्ये हिरवं दार. दोन वर्षांपूर्वी लेकीला बाईंच्या पदरात टाकून ती नोकरीपायी दोन तासांवरच्या गावी गेली होती. आता बस्तान बसलं. आज बाराला शाळेत येऊन ती लेकीला परस्पर नेणार होती, कायमची. आणि लेक याच वर्गात, तिसऱ्या बाकावर, पेन्सिल कुरतडत बसलेली. म्हणूनच तिला सगळे खार म्हणायचे.

कृती: बाईंनी छप्पर काढलं. खिडक्या काढल्या. खडू मध्यावर आला, अडला, आणि तिथे त्यांनी नुसती पिवळी भिंत रंगवून टाकली. विसरल्या म्हणा.

(विसरल्या नव्हत्या.)

“बाई, दार?” पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“फळ्याकडे बघ.”

चौतीस मुलांनी फळ्याकडे बघितलं.

बारा वाजले. ज्याची त्याची माणसं आली, खार सोडून वर्ग रिकामा झाला. साडेबाराला फोन वाजला.

“ताई, हसू नकोस हं. दहापासून पर्स खांद्याला लावून उभी आहे. दार सापडत नाहीये.”

बाईंनी विचारलं, बरी आहेस ना? बहीण म्हणाली, तापबीप काही नाही. सगळ्या भिंती चाचपून झाल्या. खिडकीतून हाका मारल्या तर रस्त्यावरचे लोक कान टवकारतात आणि पुढे जातात. मग आवाज खाली आणून म्हणाली, भिंतीला नख लावलं, नखात पिवळं मेण आलं.

बाईंना, लाज वाटावी इतकं, हायसं वाटलं.

“मग आज राहू दे,” त्या म्हणाल्या. “सुट्टी मोठी आहे. खार इथेच बरी.”

खारीने सगळं ऐकलं होतं. तिने हिरवा खडू उचलला आणि दोरीला टांगायच्या राहिलेल्या आपल्या कागदावर, भिंतीच्या मधोमध, दार काढलं.

“फळ्यावर नाही ते,” बाईंनी सुरुवात केली. खारीने मान वर केली नाही.

फोनमध्ये बहीण रडवेली हसली. आलं म्हणे दार, आत्ता, डोळ्यांदेखत. मग खडखडाट, धक्के. “अगं, पण उघडत नाही. बाहेरून कडी आहे.”

“चित्रात बाहेरचीच बाजू दिसते, खारू,” बाई वर्गात समजावून सांगावं तशा म्हणाल्या. “कडी बाहेरूनच येणार. त्याला काही इलाज नाही.”

“मग बाहेर कोणीतरी पाहिजे,” खार म्हणाली.

दाराशेजारी तिने आपल्यासारख्याच दोन वेण्या काढल्या. फ्रॉक काढला. बाई बाकांमधून धावल्या, आडव्या दप्तराला अडखळल्या. तोवर खारीने वर गेलेला हात काढला होता, कडीपर्यंत पोचलेला.

फोनमध्ये कडी वाजली.

“अगंबाई, तू? एकटी आलीस? आणि हात किती हिरवे झालेत बघ.”

तिसऱ्या बाकावर आता नुसता कागद होता. कागदावर दार सताड उघडं होतं आणि बाहेर कोणी नव्हतं.

बाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पलीकडे नळ सुटला, साबण कुठे आहे ते सांगून झालं, ताटं वाजली. दोघींचं काहीबाही बोलणं चाललं होतं. फोन चालू आहे, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.