नॉट गिल्टीचा सराव

अक्वेरोबाई शाळेत होत्या तेव्हा पोरं इंग्रजी शब्द विसरली की त्यांच्यावर डाफरायच्या. तुरुंगात आल्यावर डाफरणं सुटलं, कारण इथे विसरणाऱ्याला शिक्षा करायला न्यायाधीश बसलेलेच होते. बाईंची स्वतःची फाईल चार वर्षं कुठल्या कपाटात पडली होती देव जाणे. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्या आंब्याखाली बायकांना कोर्टातले शब्द शिकवायच्या. फळा म्हणून पिठाची कागदी पोती होती आणि खडू म्हणून कोळसा.

"रिमांड म्हणजे भिजत घातलेला घेवडा," त्या सांगायच्या. "शिजलेला नाही, कच्चाही नाही. ते आपण."

"मला तर मोड येऊन वेल गेलाय, बाई!" अडोच म्हणायची. ती कोंबड्या चोरल्या म्हणून आत आली होती आणि जिभेला हाड नव्हतं.

लामारो तेवढी हसायची नाही. नवरा ओजारा दारू पिऊन अंगावर धावून आला, तिने ढकललं, आणि त्याचं डोकं दळायच्या दगडावर आपटलं. पोलिसांनी मर्डर लिहिलं. दोन मुली सासूकडे राहिल्या, धाकटी जेमतेम दोन वर्षांची. सरकारने दिलेला वकील एकदाच भेटून गेला होता, पण बोलला ते नीट बोलला. मर्डरला 'नॉट गिल्टी' म्हण, मग साक्षी होतील, शेजारणी बोलतील, गुन्हा मॅनस्लॉटरवर, म्हणजे ठरवून न केलेल्या खुनावर येईल, दोन-तीन वर्षांत घरी जाशील. दुभाषा कोर्टात असायचा, पण त्याला नेहमी घाई. म्हणून बाईंनी ठरवलं, हे दोन शब्द तिने स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत म्हणायचे.

महिनाभर सराव चालला. अडोच डोक्यावर घोंगडी घेऊन न्यायाधीश व्हायची, बाई कधी वकील तर कधी दुभाषा.

"लामारो, तू ओजाराला ठरवून ठार मारलंस. काय म्हणणं आहे?"

"नॉट गिल्टी."

"मोठ्याने बोल गं! कोंबडी बगलेत धरल्यासारखी काय पुटपुटतेस?" बाई म्हणाल्या.

"बाई, कोर्टाचा अपमान होतोय हं," घोंगडीतून आवाज आला. लामारो त्या दिवशी पहिल्यांदा हसली. शेवटी शेवटी ती झोपेतून उठवली तरी चुकायची नाही.

बाईंचीही तारीख त्याच दिवशी निघाली, म्हणून त्या आरोपींच्या बाकावर बसलेल्या होत्या. लामारोचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली, आणि बाईंना पुढचं बाक दिसलं. तिथे मिन ओजारा बसली होती, मेलेल्याची आई. मांडीवर धाकटी, शेजारी थोरली.

त्या सगळ्या अचोली जमातीच्या, आणि अचोली माणसाला हे शिकवावं लागत नाही. मेलेल्याच्या आईसमोर 'मी नाही' म्हटलं की मेलेल्याचा राग पोराबाळांवर उतरतो. चुकून झालं असलं तरी आधी कबूल करायचं, स्वतःची बाजू मांडायची नाही. मग तोवर एकमेकांकडे न जेवणारी दोन्ही कुळं एकाच भोपळ्याच्या भांड्यातून कडू मुळीचा रस पितात, तेव्हा पोरं त्या रागातून सुटतात.

आरोप वाचून झाला. लामारोने सासूकडे पाहिलं आणि गुडघे टेकले.

"मी मारलं, आई."

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. "ठरवून?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं, कागद सावकाश वाचून दाखवला, वकिलाने वेळ मागितला. ती प्रत्येक वाक्याला "खरं आहे" म्हणत गेली.

"लामारो, नॉट..." बाई ताडकन उठल्या. वॉर्डरने त्यांना ओढून खाली बसवलं.

आणखी काही सांगायचंय का, असं विचारल्यावर लामारो म्हणाली, "माझ्या मुलींना माझ्या माहेरीही जेवू द्या." बस, एवढंच. अठरा वर्षांची शिक्षा झाली.

बाईंना नुसती पुढची तारीख मिळाली. परतताना गाडीत लामारो त्यांना चिकटून बसली. "रागावू नका, बाई. शब्द पाठ होता मला."

"मग म्हटला का नाहीस?"

"त्या समोर होत्या ना. जाताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला माझ्या. माझ्या पोरींना आता काही होणार नाही."

बाईंना रडू आवरेना. धाकटी वीस वर्षांची होईल, रस्त्यात आई दिसली तरी ओळखणार नाही. आणि त्या स्वतः अचोलीच, त्याच मुळीचा रस प्यायलेल्या घरातल्या! सरावाला न्यायाधीश बसवला, वकील बसवला, दुभाषा बसवला. मेलेल्याची आई बसवायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. महिनाभर पोरीला शिकवलं ते अर्धंच.

लामारोला लांबच्या तुरुंगात हलवलं. आठवड्याने दुसऱ्या एका मुलीची तारीख आली. दिराच्या भांडणात कुणीतरी मेलं होतं आणि हिचंही नाव गोवलं होतं. अडोचने सवयीने घोंगडी डोक्यावर घेतली.

"काढ ती," बाई म्हणाल्या. "आज तू मेलेल्याची आई आहेस. इथे समोर बस, आणि तिच्याकडे बघ. बोलू नकोस."

अडोच पहिल्यांदाच काही न बोलता बसली. बाईंनी आरोप वाचला. मुलीने तोंड उघडलं, अडोचकडे पाहिलं आणि मिटलं.

"म्हण," बाई हळूच म्हणाल्या.

मुलीचे डोळे भरले. जेवणाची घंटा झाली, बाकीच्या बायका ताटल्या घेऊन गेल्या. बाई कोळसा हातात धरून तिच्या शब्दाची वाट बघत थांबल्या.