डावा अंगठा

जुने फोन दुरुस्त करणाऱ्या पेचकस मावशींनी फोन उजेडात तिरपा धरला, काचेवर फुंकर मारली आणि म्हणाल्या, "नऊ वेळा चुकलात. आता एकदाच. दहाव्यांदा चुकलं की आतलं सगळं साफ!"

काउंटरपलीकडे निवृत्त कारकून अंगठा चोळत उभा होता. काचेवर नऊ ठिपके, आणि त्यांना जोडणारी एक रेघ. वीस वर्षांपूर्वी दिवसातून शंभरदा ओढलेली, पण आता आठवेल तर शपथ! हल्ली ठिपके जोडतंय कोण? कॉलरला बटणाएवढं यंत्र लावायचं, "मी आलो" म्हणायचं, की ते आवाज ओळखून दारापासून दिव्यापर्यंत सगळं उघडून देतं. हातात धरायचे फोन उरले होते ते मावशींच्या दुकानात, स्क्रूंनी भरलेल्या बरण्यांच्या शेजारी.

दाराशी कारकुनाची लेक घुटमळत होती. उद्या ती नोकरीसाठी सातासमुद्रापार निघणार होती. काल बॅग भरता भरता सहज बोलून गेली, "लहानपणी तू मला कधी उचलून घेतलेलं आठवतच नाही, बाबा. तुझ्या हातात कायम फोन."

तो तडक उठला. स्टूल घेऊन माळ्यावर चढला आणि हा फोन शोधून काढला. यात तिला कडेवर घेतलेला एक तरी फोटो असणारच होता.

"सोडा हो मावशी," लेक म्हणाली. "याला सकाळी ठेवलेला चष्मा सापडत नाही, ती रेघ कुठून सापडणार?"

"तू गप गं! विमान उद्या आहे ना तुझं?" मावशींनी काचेवरून नख फिरवलं. "साहेब, तुम्ही डावखुरे का?"

"छे, उजव्या हाताचा."

"मग हा घासलेला पट्टा बघा. वरची फिल्म डाव्या अंगठ्यानं झिजलीय. नऊ वेळा तुम्ही परक्याच हातानं कुलूप उघडत होतात!"

त्यानं फोन डाव्या हातात घेतला. अंगठा काचेच्या वर अडकून राहिला.

"डोक्याला विचारू नका," मावशी हळूच म्हणाल्या. "ते नुसतं घोळ घालतं."

त्यानं डोळे मिटले. त्याचा उजवा हात आपसूक वर आला, कोपरात दुमडला, आणि पसरलेला तळवा खांद्यापाशी हवेतच, एखादी इवली पाठ असावी तसा, टेकला. मान जराशी कलली. तो या पायावरून त्या पायावर झुलू लागला, अगदी सावकाश. डावा अंगठा खाली गेला, आडवा वळला, वर आला.

फोन उघडला.

मावशी टाळी वाजवणार होत्या, पण लेकीचा चेहरा बघून थांबल्या.

तो घाईघाईनं फोटो सरकवू लागला. बादलीत बसलेली ती. टेबलाखाली लपलेली ती. डोक्यावर बूट घेतलेली ती. शेवटचा फोटो आला, तसा त्याचा अंगठा थांबला.

"मी एकातही नाही गं," तो ओशाळून म्हणाला. "काढणार तरी कोण? घरात आपण दोघंच."

लेक काउंटरपाशी आली. तिनं फोनच्या बाजूची कळ दाबली. काच काळी झाली.

"अगं, बंद का केलास?"

"पुन्हा उघड ना, बाबा," ती म्हणाली.