आवाज वाढव

बोनकोड्याच्या जाईबाई लग्नात धवल्यांची पारंपरिक गाणी गायच्या. हळदीच्या मांडवात त्या गायला बसल्या की बाया हातातलं काम टाकून जवळ यायच्या. त्यांचा भाचा हरेश याने त्यांचं एक गाणं रेकॉर्ड केलं आणि मास्टरिंगला, म्हणजे आवाजाची शेवटची पातळी बसवायला, कोपरखैरण्यात अभिरामकडे दिलं.

अभिरामने चढउतार जपले. जाईबाई एका ओळीत कुजबुजायच्या, पुढच्या ओळीत खणखणीत उठायच्या. हरेश वैतागला.

"एवढा बारीक? लोकं पुढचं गानं लावतील. आवाज वाढव."

"गाण्यांचे अ‍ॅपवाले सगळी गाणी एकाच पातळीला आणतात, हरेश. आपण दाबून मोठं केलं तर ते खाली खेचतात. मोठेपणा जातोच, वर चढउतारही जातात."

"तू टेन्शन नको घेऊ. वाढव."

वादाचा कंटाळा येऊन अभिरामने वाढवलं.

गाणं अ‍ॅपवर आलं, आणि इतर गाण्यांत ते बसक्या घशाचं वाटू लागलं. कुजबुज आणि हाक सारखीच. लोक हसत आणि अर्ध्यातच सोडून देत. हरेशने ते काढून टाकलं आणि नमिता नावाच्या मुलीकडून तेच ठेक्यावर गाऊन घेतलं. आत्याला म्हणाला, "तुजा आवाज आता नाय लागत."

हे कळल्यावर अभिरामने हरेशला जाईबाईंचं आधीचं चढउतारांचं आणि नंतरचं दाबलेलं, अशी दोन्ही गाणी एका पातळीवर ऐकवली.

"पयलं भारीच हाय," हरेश म्हणाला. "पन आता नमिताचं चाललंय. कशाला उकरतो?"

"निदान तुझ्या आत्यांना सांग, आवाज त्यांचा गेला नव्हता."

"तूच सांग."

जाईबाई ओट्यावर जवळ्याची बारीक सुकी मासळी निवडत होत्या. अभिरामने त्यांच्या कानाला हेडफोन लावून मूळ, न दाबलेलं गाणं सुरू केलं. गाणं संपेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

"ही मीच?"

"तुम्हीच. बिघडलं ते आमच्या हातून."

"मंग तेवाच का नाय बोललास? मी घरात गुनगुनायचं पन सोडलं."

"हरेशला बोललो होतो..."

"मना नाय बोललास."

मूळ गाणं पुन्हा टाकूया, असं तो म्हणाला. त्यांनी हेडफोन परत केला.

"नको. एकदा हसली लोकं, बस झालं."

पुढे भावकीतल्या भाविका नावाच्या मुलीच्या हळदीला गायचं बोलावणं आलं. जाईबाईंनी नमिताचं नाव सुचवलं. स्वतः गेल्या, जेवल्या आणि लवकर घरी आल्या.