घासाघीस न करणारी बाई

"पद्मा, बघ गं, आलं का?"

गच्चीवरून हाक यायची. जिन्याच्या वळणावर जराशी अडखळायची आणि न्हाणीघरापर्यंत येता येता मऊ व्हायची. टाकी रिकामी झाली की पाइपात हवा अडकते. मग एकाने वर टाकीपाशी उभं राहून व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, दुसऱ्याने खाली नळाखाली हात धरायचा. नळ आधी खोकतो, मग थुंकतो, मग धार लागते. धार लागली की खालच्याने ओरडायचं, "आलं!" तोवर वरच्याने जागचं हलायचं नाही. हरिशंकरपुरमच्या या घरात माधवराव आणि पद्माबाई तेवीस वर्षं हेच करत आले. त्याने विचारायचं, तिने सांगायचं. जात्याच्या दोन पाळ्यांसारखं, एकीवाचून दुसरी फिरायची नाही.

माधवरावांना जाऊन पाच वर्षं झाली. हाक गेली नाही.

भुतं येतात म्हणतात तशा वेळी ती येत नाही. भर सकाळी येते, दूधवाल्याची घंटा आणि कुकरची शिट्टी यांच्या मधल्या फटीत. शेजारी कुणी मोटार लावली, भिंतीतला पाइप गुरगुरला, की येते. पद्माबाईंचे ओठ उघडतात. आवाज फुटत नाही. हातातलं काम तसंच धरून त्या उभ्या राहतात. पाइप शांत झाला की मग पुढची पोळी लाटतात.

यंदाच्या जानेवारीत ग्वाल्हेरला असं धुकं पडलं की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसेना. गुरुवारी सकाळी गीझर थंड पडला आणि खालून थेंब थेंब गळू लागला. पद्माबाईंनी बादली लावली. भिंतीपलीकडून नीलम डोकावली. शेजारची सून, शाळेत शिकवते, तोंडाने फटकळ, मनाने लोणी.

"आंटी, दौलतसिंह को बुला लो ना! पडाव से आधे घंटे में आ जाएगा."

"तो आता काम करत नाही गं," पद्माबाई घाईघाईने म्हणाल्या. "बूढ़ा हो गया है."

नीलमने भुवया उंचावल्या. मागच्याच आठवड्यात तो तिच्याकडे फ्लश दुरुस्त करून गेला होता. पण शाळेची वेळ झाली होती, ती पळाली.

पद्माबाईंनी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला चिकटवलेला कागद आठवून आठवून नंबर लावला. चोवीस तास, तातडीची सेवा. वीस मिनिटांत मोटारसायकलवर एकजण हजर. जाकीट चकचकीत, नाव उत्कर्ष. दारावरची पाटी त्याने एकदा वाचली आणि वाकून म्हणाला, "नमस्कार काकू. काय बिघडलं आहे? मी आलो ना आता."

मराठी ठिगळाठिगळाची होती. पण या गावात बाहेरून येणारा माणूस उंबऱ्यावर मराठी बोलला की पद्माबाईंच्या पिढीचं मन पाटच मांडतं. आपला म्हणून चहा, आपला म्हणून तिळगुळाचा गजक, आणि आपल्या माणसाला कोणी भाव विचारतं का? उत्कर्षने गजकाचे तीन तुकडे खाल्ले, न्हाणीघराचं दार लोटून घेतलं आणि पाऊण तासाने बिल लिहूनच बाहेर आला.

नऊ हजार आठशे.

"एलिमेंट जळलं होतं काकू, नवीन टाकलं. थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, टाकी धुतली, माझी मजुरी. हे इमर्जन्सीचे बाराशे. आणि हे पाचशे कोहऱ्याचे."

"कोहऱ्याचे?"

"धुक्यात गाडी चालवली ना. रिस्क असतो."

पद्माबाईंना कळलं. कळलं नाही असं नव्हे. नया बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास उभी राहणारी बाई ही. ती येताना दिसली की भाजीवाले एकमेकांना म्हणायचे, आ गईं मराठन चाची, तराजू सँभालो. "एवढे कसे?" हे दोन शब्द जिभेच्या टोकाशी आले. तेवढ्यात न्हाणीघरात नव्याने भरणारा गीझर गुरगुरला, भिंतीतून काहीतरी वरून खाली सरकत आलं, आणि शब्द आले तसे आत गेले. त्यांनी कपाटातले सहा हजार काढून दिले. उरलेले रविवारी नेतो म्हणाला.

पाच वर्षं असंच चाललं होतं. इलेक्ट्रिशियन, रंगारी, इन्व्हर्टरवाला, जो जे मागेल ते त्या देत होत्या. पुण्याहून मुलगा अंबरीश फोनवर ओरडायचा, "आई, तुला सगळे लुटून राहिलेत!" त्या म्हणायच्या, "असू दे रे. गरीब माणसं."

गरीब माणसांचा यात काही संबंध नव्हता. संबंध होता त्या एका सकाळचा.

तेव्हाही असंच धुकं होतं. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह जाम झाला होता आणि दौलतसिंह पिशवी घेऊन दारात उभा होता. सहाशे म्हणाला. पद्माबाई चारशेवर अडल्या. "दोन पेच फिरवायचे सहाशे? लूट मांडलीय!" दौलतसिंह भांडला नाही. "ठीक है भाभीजी," म्हणून पिशवी उचलून गेला. माधवराव आतून ऐकत होते. तेही काही बोलले नाहीत. मफलर गुंडाळला, पाना घेतला, आणि वर गेले. त्यांचं ते न बोलणं पद्माबाईंना झोंबलं. वरून हाक आली तेव्हा नळाला धार लागलेली होती, तळहातावर पाणी नाचत होतं, आणि त्या रागाने गप्प राहिल्या. विचारू दे. हाक तीनदा आली. चौथ्यांदा आली नाही. त्यांना वाटलं, कळलं असेल. पोळ्या झाल्यावर वर गेल्या, तर माधवराव टाकीला पाठ टेकून बसले होते, हात व्हॉल्व्हवर, मफलरवर दव.

हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. कधी थांबलं ते कोणी विचारलं नाही. अंबरीशने एवढंच विचारलं, "बाबा वर का गेले? प्लंबर?" आणि पद्माबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आलाच नाही."

दोन शब्द. त्या दोन शब्दांवर त्यांनी पाच वर्षं घर चालवलं होतं. दौलतसिंह पडावच्या रस्त्यावर दिसला की त्या रिक्षा वळवायला लावायच्या. आणि अंबरीशच्या लेखी त्या म्हाताऱ्याचं नाव कायमचं काळं झालं होतं.

शनिवारी अंबरीश आला. बिल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कोहऱ्याचे पाचशे! आई, हे काय आहे? उद्या येऊ दे त्याला."

रविवारी दहाला नीलम आली, आणि तिच्या मागे, हातात तीच मळकी पिशवी घेऊन, दौलतसिंह. नीलमने परस्पर बोलावलं होतं. "भैया, पहले खोल के तो देखो कि बदला क्या है. बिल तो कोई भी लिख दे."

पद्माबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. दौलतसिंहने हात जोडले. "राम-राम भाभीजी." मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. अंबरीशने त्याला ओळखलं आणि त्याचा चेहरा आवळला; पण गरज होती, तो बाजूला झाला.

गीझर उघडायला दहा मिनिटं लागली. दौलतसिंहने एलिमेंट बाहेर काढून उजेडात धरलं, अंगठ्याने घासलं. वरचा पांढरा थर नुसता खरवडलेला. कडेने जुना क्षार दगडासारखा बसलेला.

"ये तो पाँच-छह साल पुराना है. रगड़ के वही का वही लगा दिया. थर्मोस्टॅट भी वही. तार ढीला था, कस दिया. एक वॉशर नया है, बस."

"वॉशर कितने का?" नीलमने विचारलं.

"बीस का."

"मतलब सोन्याचा वॉशर लावला आईने," अंबरीश म्हणाला.

अकराला उत्कर्ष आला. "नमस्कार काकू," म्हणून चपला काढता काढता थबकला. न्हाणीघराच्या दारात उघडा गीझर, जमिनीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर एलिमेंट. अंबरीशने बिल पुढे केलं.

"जुनं एलिमेंट दाखवा."

"ते... टाकून दिलं."

"मग हे कोणाचं?"

उत्कर्षची मराठी तिथे संपली. हिंदीत त्याने कंपनीचं सांगितलं, गॅरंटीचं सांगितलं, आवाज चढवला. दौलतसिंह स्टुलावर बसून हात पुसत होता. तो शांतपणे म्हणाला, "बेटा, मैं चालीस साल से यही काम कर रहा हूँ. बाहर मोहल्ले के चार लोग और बुला लें क्या? आने-जाने का, वॉशर का, पाँच सौ रख ले. बाकी लौटा दे."

"और कोहरे का?" नीलम म्हणाली. "कोहरा तो छँट गया."

उत्कर्षने खिशातून पैसे काढले, पाच हजार पाचशे मोजले, मेजावर टाकले. चपला घालताना मात्र तो पद्माबाईंकडे वळला. पुन्हा मराठीत.

"काकू, मी बंदूक लावली होती का? तुम्ही एकदा तरी भाव विचारलात? एक शब्द बोलला असता, तर मी निम्मे केले असते. सगळे करतात."

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. नीलम हसत हसत घरी गेली. दौलतसिंहने गीझर जोडला, तार नीट बसवली, पाणी सोडलं. भिंतीतला पाइप गुरगुरला. पद्माबाईंनी डोळे मिटले.

"खरंच विचारलं नाहीस?" अंबरीश म्हणाला. "तू? लहानपणी मला लाज वाटायची तुझ्याबरोबर बाजारात जायची, इतकी तू भांडायचीस. काय झालं तुला, आई?"

पद्माबाई मेजावरच्या नोटा गोळा करू लागल्या. दौलतसिंह पिशवी आवरत होता.

"किती झाले काका?"

"ढाई सौ दे दो भैया."

अंबरीशने तीनशे दिले आणि उरलेले परत घेईना. पण हात मागे घेता घेता पाच वर्षांचं साचलेलं त्याच्या तोंडून आलंच. "आज आप टाइम पे आ गए. उस दिन भी आ जाते, काका, तो बाबा ऊपर नहीं जाते. बस इतना ही कहना था."

दौलतसिंहचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. त्याने मान वर केली. पद्माबाईंकडे पाहिलं, रागाने नाही, विचारायलाही नाही. अंधारात पायरी शोधणाऱ्या माणसाला कोणी नुसता हात द्यावा तसं पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. त्या घरात आपलं नाव कसं घेतलं गेलं असेल, का पाच वर्षं फोन आला नाही, रिक्षा का वळायच्या.

"हाँ भैया," तो म्हणाला. "नहीं आ पाया. गलती हो गई."

आणि तो दाराकडे निघाला.

पद्माबाईंच्या छातीत काहीतरी खोकलं, थुंकलं, अडकलं. आता गप्प राहिलं की सगळं सुरळीत होतं. पैसे परत आले होते. मुलगा संध्याकाळच्या गाडीने जाणार होता. एक म्हातारा त्यांचं ओझं आपल्या पिशवीत घालून फाटकाबाहेर पडला असता आणि कुणाला कधी कळलं नसतं. त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि दौलतसिंहच्या आणि दाराच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या, चाळीस वर्षं मराठी घरांत काम केलेल्या माणसाला ते सगळं कळत होतं. "अंबरीश, हे आले होते."

"काय?"

"त्या दिवशी. सकाळी साडेआठला, हीच पिशवी घेऊन. सहाशे म्हणाले. मी चारशेवर अडले. लूट मांडलीय म्हणाले यांना, दारातून परत पाठवलं. तुझे बाबा माझ्यामुळे वर गेले. वरून त्यांनी तीनदा विचारलं, आणि पाणी आलेलं असून मी बोलले नाही. यांनी काही केलं नाही रे. आलाच नाही, असं तुला मी सांगितलं. खोटं सांगितलं, कारण का परत पाठवलंस असं तू मला विचारलं असतंस, आणि मला तुझं तोंड बघवलं नसतं."