झाकणराव आणि सालींचं पाणी

ताईंच्या नवऱ्याला सगळी गल्ली झाकणराव म्हणायची, आणि ते नाव खुद्द ताईंनीच ठेवलं होतं. फरशी-संडास साफ करायची औषधं बनवणाऱ्या कंपनीत ते विक्रीचं काम करायचे. बाटली गळली की दुकानदाराची बोलणी खावी लागतात, म्हणून दिसेल ते झाकण गच्च आवळायची त्यांना खोडच जडली होती. सकाळी दात घासायचे तर ताईंना आधी टूथपेस्टशी कुस्ती खेळावी लागे.

कंपनीच्या बाटल्या घरी फुकट यायच्या. फुकट ते पौष्टिक म्हणतात. ताईंच्या छातीला मात्र ते पचलं नाही. बंद बाथरूममध्ये तो उग्र वास वर्षानुवर्षं ओढून त्यांच्या श्वासातून शिट्टी वाजू लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हे आजच्या आज बंद करा. पुढचा झटका तुम्हाला झेपणार नाही."

ताईंनी सगळ्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. ओट्याला खाण्याचा सोडा, आरशाला व्हिनेगर, आणि फरशीसाठी संत्र्या-लिंबाच्या साली साखरपाण्यात आंबवून केलेलं पाणी. सालींच्या बरणीत वायू धरतो, म्हणून तिचं झाकण सैल ठेवायचं. हळूहळू छातीतली शिट्टी थांबली आणि झाकणरावांची कुरकुर सुरू झाली.

"सोनाराच्या बायकोनं पितळेचे दागिने घालावेत तसं झालं हे! लोक हसतील मला."

"हसू द्या. मला धाप लागते तेव्हा कोणी रडायला येत नाही."

मग कंपनीच्या साहेबांनीच सांगावा धाडला की रविवारी घरी येतो, बढतीचं बोलू. ताई दोन दिवस बहिणीकडे गेल्यात हे पाहून झाकणरावांनी सालींच्या बरण्या बैठकीच्या कपाटात दडवल्या. आणि दडवताना, हाताला सवयच ती, प्रत्येकीचं झाकण गच्च आवळलं.

रविवारी ताई परत आल्या तेव्हा साहेब दारातच उभे होते. बरण्या कुठे गेल्या हे विचारायलाही सवड मिळाली नाही. साहेबांनी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि कपाटात धडाम् झालं. लगेच दुसरा बार. दणक्यानं कपाटाचं दार उघडलं, आंबूस पाण्याचा लोंढा बाहेर आला आणि संत्र्याची एक साल साहेबांच्या बुटावर येऊन बसली.

"हे काय?" साहेब ओरडले.

"आमच्या घरचं फरशी पुसायचं पाणी," ताई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

साहेबांना हसू आलं नाही. "वहिनी, आपल्या कंपनीचा माणूस, आणि घरात हे? काढा आपली बाटली! बघू तरी किती चमकते फरशी."

झाकणराव माळ्यावर चढलेसुद्धा. बाटली घेऊन उतरले, झाकणाला हात घातला. ताईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्या भिजलेल्या फरशीवर, नवऱ्याच्या आणि त्या पाण्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"अहो, हे पाणी आंबट आहे. त्यात हे ब्लीच ओतलं की विषारी वायू होतो. तुमच्याच बाटलीवर छापलंय."

"अगं, थोडंसंच. साहेब बसलेत."

"मला दिसतायत साहेब. तुम्हाला मी दिसतेय का? या घरात ती बाटली आता उघडायची नाही. आज नाही, उद्या नाही. उघडलीत तर मी निघाले, आणि परत बोलवायला येऊ नका."

झाकणरावांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. साहेब ताडकन उठले. "घरात बाटली उघडायची ज्याला चोरी, त्याला बढती देऊन मी काय करू?" म्हणत जिना उतरू लागले.

झाकणराव मटकन खुर्चीत बसले. बाटली तशीच मांडीवर, बंद. "झालं तुझं समाधान? आता बढती सोड, नोकरीही जाईल."

ताईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माघार घ्यावीशी मुळीच वाटली नाही. त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि जिन्यातल्या माणसालाही नीट ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"गेली तर दुसरी शोधू. दुसरी छाती कुठल्या दुकानात मिळते, ते तेवढं विचारून या साहेबांना!"